चावीचे सोळा फेरे

“मावशी, तुम्हाला महापौर कशाला व्हायचंय?”

एवढंच विचारायचं होतं. पैज वनीने लावली, उत्तरा साक्षीदार, आणि विचारणारी मी, कारण हल्ली असलं काही विचारायचं असलं की सगळ्या माझ्याकडेच बघतात. गेल्या जूनमध्येसुद्धा मी वर्गात हजेरी द्यायलाही बाकाखाली तोंड घालायची. मग डिसेंबरात कांदिवलीला वक्तृत्वस्पर्धा होती, ठरलेली मुलगी आजारी पडली, बाईंनी मला उभं केलं, आणि तिथे माइकसमोर माझ्या पोटातून कोणाचा तरी आवाज निघाला, जाड, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, आणि तो माझाच होता. कप मिळाला. तेव्हापासून मला सारखं बोलावंसं वाटतं. वाण्याशी, बसकंडक्टरशी, पोस्टमनशी. आपण तोंड उघडायचं आणि समोरचा वळून बघतो, झकास वाटतं यार. तर पंच्याऐंशीच्या मार्चमधली शुक्रवारची संध्याकाळ, वार्षिक परीक्षा डोक्यावर, आणि आम्ही तिघी दप्तरासकट द्रौपदीबाईच्या दारात. घाटकोपरच्या आमच्या टेकडीला दोन गल्ल्या. खालच्या गल्लीत आम्ही कोकणातले, बहुतेकांचे आजे-बाप कधीतरी गिरणीत होते. वरच्या गल्लीत साताऱ्याकडची, बीडकडची बौद्ध माणसं. मध्ये पायऱ्या. द्रौपदीबाई वरच्या गल्लीतली, औषधांच्या कंपनीत बाटल्या धुवायला जाणारी, आणि यंदा म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला अपक्ष उभी. तिने निशाणी बादली मागितली होती, मिळाली शिडी. त्यावरून आमच्या गल्लीत लोकांची हसून हसून वाट लागलेली. त्यात तिने पत्र्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं, ‘महापौरपदासाठी द्रौपदी भाऊराव शिरसाट’. “अगं, महापौर असा निवडून येतो का?” उत्तरा चढतानाच फिदीफिदी हसत होती. “नागरिकशास्त्रात आहे ना. आपण नगरसेवक निवडतो, मग नगरसेवक महापौर निवडतात. दोन मार्कांचा प्रश्न आहे, हिला तेवढापण येत नाही.”

द्रौपदीबाई उंबऱ्यावर बसून आणखी एका पत्र्यावर ‘पौ’ रंगवत होती. माझा प्रश्न ऐकून तिने मान वर केली नाही. आधी दुसरी मात्रा पुरी केली, ब्रश डब्याच्या काठाला पुसला आणि मग माझ्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, आणि मग, का कोण जाणे, माझ्या हातांकडे.

“तू चावीवाल्या सहदेवची ना?”

“हो.”

“मग तुझ्या बापाला इचार.”

आणि तिने पुन्हा ब्रश बुडवला. वनीला हसू फुटलं आणि मध्येच विझलं. मी काहीतरी बोलणार होते, काहीतरी चटकदार, पायऱ्यांपर्यंत पुरेल असं, पण तो कांदिवलीचा आवाज आलाच नाही. जुनाच आला, बाकाखालचा, आणि तोही घशातच राहिला. “काय गं, तुझ्या बाबांनी काय केलंय?” उत्तराने उतरताना दोनदा विचारलं. मी पायऱ्या मोजत होते. सोळापर्यंत मोजायचं आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं, असं मी लहानपणापासून करते, कुठल्याही पायऱ्यांवर, कुर्ला स्टेशनच्या पुलावरसुद्धा. सोळाच का, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी पाचव्या की सहाव्या वेळी सोळा म्हणताना माझ्या तळहातांना थंड लोखंड लागलं. खरंच लागलं. पायऱ्यांवर दुसरं काही नव्हतं, हातात दप्तराचा पट्टा होता, आणि नाकात ग्रीस आणि गंज आणि ओल्या मातीचा वास शिरला, तोंडात एक रुपया चोखल्यासारखी चव आली. मी थांबले. वनी म्हणाली, “चल ना गं चारू, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही.

चावीवाला म्हणजे कुलपाच्या चाव्या करणारा नव्हे, हे मला शाळेत दर वर्षी नव्या बाईंना सांगावं लागतं. म्युनिसिपालटीचं पाणी सगळ्यांना एकदम येत नाही. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात, झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायला माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा. बाबा पहाटे साडेपाचला वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडतात, सव्वासातला बंद करतात आणि मग आमचा उघडतात. वरचं बंद केल्याशिवाय खाली जोर येत नाही. टेकडीवर कोणी किती वाजता उठायचं, कोणी कधी आंघोळ करायची, कोणाचा भात कधी शिजायचा, हे माझ्या बापाच्या मनगटावर. मला केवढा अभिमान होता त्याचा. सुट्टीत मी बरोबर जायची. बाबा चावी बसवायचे आणि मी आडव्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकायची, पाय वर घ्यायची, ते फिरवायचे आणि मी गोल गोल फिरायची, जत्रेतल्या पाळण्यासारखी, फेरे मोजत. एक. दोन. तीन. सोळाला व्हॉल्व्ह घट्ट बसायचा. त्याच्या आधी पाइपातून एक बारीक शीळ यायची, लांब जाणारी, आणि सोळाला ती तुटायची. कोणीतरी बोलता बोलता तोंड मिटावं तशी. मला ती शीळ फार आवडायची. मी घरी येऊन तशी वाजवून दाखवायची आणि आई म्हणायची, “गप गो, दिवेलागणीक शीळ घालतंस.”

घरी बाबा जेवत होते. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, “आज वर गेलो होतो, ती द्रौपदीबाई महापौर होणार म्हणे.” गल्लीत सगळे या वाक्याला हसतात. आई हसली. बाबांनी ताटातला बांगडा उलटा केला. काटा काढायला सुरुवात केली आणि काढतच राहिले, मला वाटतं त्या बांगड्यात तेवढे काटे नव्हतेच. मी त्यांच्या उजव्या तळव्याकडे बघत होते. तिथे अंगठ्याखाली एक घट्टा आहे, पिवळा, नखासारखा कडक. लहानपणी मी त्यावर टिचकी मारून दार वाजवायचा खेळ खेळायची. आता मला एकाएकी तो हात किळसवाणा वाटला, आणि तसं वाटल्याची लाज वाटली, आणि लाजेचा राग आला. अजून तर काही कळलंही नव्हतं. कळलं नव्हतं कसं म्हणू. सोडा आठवला होता. सोडेवाला भाऊराव. आम्ही लहानपणी लगोरीत कोणी आंघोळ न करता आला की त्याला चिडवायचो, “सोड्याने धुतला, भाऊराव सुटला,” आणि नाक धरायचो. सगळ्यात मोठ्याने कोण ओरडायचं? तेव्हा माझा आवाज कुठे बसायचा घशात. भाऊराव म्हणजे कोण, सोडा कशाचा, काय माहीत. गल्लीत होतं ते गाणं, आम्ही उचललं. द्रौपदी भाऊराव शिरसाट. मी नाव वाचलं होतं, पत्र्यावर, शुद्धलेखनाच्या चुका शोधत.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी वनीला म्हटलं, पोटात दुखतंय, आणि एकटीच वर गेले. द्रौपदीबाईने मला आत घेतलं, सतरंजीवर बसवलं, पाण्याचा स्टीलचा ग्लास समोर ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, आणि मध्ये एका माणसाचा फोटो, कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. “देवनारच्या कचऱ्याच्या गाडीवर होता,” ती म्हणाली, मी न विचारता. “म्युनिसिपालटीचाच माणूस. घरी आला की उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई. भाईर मोरीवर दोन बादल्या. केस, कान, नखं. मग आत. मी म्हणायची, अहो भाकर गार होती. तर म्हणायचा, दुपदे, माझ्या ताटात देवनार नगं.” ती हसली. पुढचं तिने हसू तसंच ठेवून सांगितलं, म्हणून मला ते जास्त ऐकवेना. एकोणऐंशीचा मे. कावीळ. पहाटे चारला गेला. बायांनी ठरवलं, साडेपाचला नळ येतो, मग मयत धुऊ, पांढरं कापड घालू, सकाळी सकाळी नेऊ. साडेपाचला नळ आला आणि बादल्या लावेपर्यंत धार बारीक झाली, मग थेंब, मग खोकल्यासारखी हवा. खाली श्यामसुंदरच्या हॉलवर सत्यनारायणाची मोठी पूजा होती, पाचशे पानं उठणार होती. श्यामसुंदर म्हणजे आमचा नगरसेवक, तेव्हाही आणि आताही. त्याच्या गच्चीवरची टाकी भरायची होती. “धार बारीक होताच माझा दीर रतन धावत खाली गेला, तुझ्या बापाजवळ. हात जोडले. सांगितलं, घरात मयत हाय, दोन हंड्यांपुरतं सोड. मग आम्ही बाया हंडे घेऊन तुमच्या नळावर गेलो. तर तुमच्या बाया म्हणाल्या, आज पूजेचं पाणी हाय, तुमच्याकडे सुतक, हंडा लावू नगा. मे महिना गं. दुपारचे दोन वाजले. वास यायला लागला. त्या माणसाला, ज्याला…” इथे ती थांबली. “पानपट्टीवाल्या कुंडलिकने सोड्याची दोन खोकी दिली. गोळी सोडा. आम्ही बायांनी एकेक बाटली फोडली आणि धुतला त्याला. अंगावर फसफस व्हायची. जिवंत असल्यावाणी.”

मी ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्यायले. तहान नव्हती. पण समोर असलेलं पाणी तसंच ठेवून ऐकणं मला जमेना. “मी वॉर्ड ऑफिसात गेले,” ती सांगत होती. “तिथे टेबलावरचा म्हणाला, त्या दिवशी पाइप फुटला होता, कागदावर तसंच हाय. मी म्हटलं, फुटला न्हाई, चावी फिरवली. तर म्हणाला, बाई, एवढं वाटत असेल तर महापौर व्हा आणि बदला कागद. सगळे हसले. मी म्हटलं, बरं.” सहा वर्षं झाली त्या ‘बरं’ला. रात्रशाळेत बसून ती लिहायला शिकली. दिवसभर कंपनीत वाहत्या पाण्याखाली बाटल्या धुवायच्या, हजारो बाटल्या, धो धो पाणी, आणि संध्याकाळी अक्षरं. “आणि पैला नगरसेवक व्हावं लागतं हे मला म्हाईती हाय, तुझ्या त्या मैत्रिणीला सांग. पण नगरसेवक तर श्यामसुंदरपण हाय. मला त्याच्या वरचं पायजे, म्हणून वरचंच लिहिलं.” मग तिचा आवाज खाली आला, अगदी साधा झाला, मीठ किती घालायचं ते सांगावं तसा. “त्याच्या घरात पण कधीतरी कोणीतरी मरेलच की. त्या दिवशी चावी माझ्या हातात पायजे. बास. मग मला मेलं तरी चालेल.”

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. खरं सांगते, माझ्या हातांच्या मुठी वळल्या होत्या आणि मनात मी श्यामसुंदरच्या हॉलची टाकी कोरडी ठणठणीत करून टाकली होती, त्याच्या तीनमजली घरात कोणी मेलेलं नव्हतं तर मीच मनातल्या मनात एकेकाला आडवं करत होते, तो सोनेरी दातांचा म्हातारा, ती गाडीतून शाळेत येणारी नात, आणि मग त्यांच्या अंगावर फसफसणारा सोडा ओतत होते आणि गल्ली नाक धरून गाणं म्हणत होती. गोड लागत होतं. इतकं गोड की मी दचकले, कारण त्या चित्रात चावी कोण फिरवतंय ते मला दिसलं. आडव्या दांड्याला लटकलेली, पाय वर घेतलेली, नऊ वर्षांची, दोन वेण्या. “रतनभाऊ आहेत कुठे?” मी विचारलं. “गेला. दोन वर्षं झाली. दारोदार सांगून थकला, चावीवाल्याने ऐकून घेतलं आणि वर चावी फिरवली म्हणून. कोणी मानलं न्हाई. म्हणाले, तिसरं कोण होतं तिथं, साक्षीला?” ती पुन्हा माझ्या हातांकडे बघत होती. “मी तुला काय म्हणत न्हाई. तू एवढीशी होतीस. रतन म्हणायचा, पोर झोके घेत होती चावीवर.” मी उठले. चपला घातल्या. “उद्या सभा हाय सांजच्याला,” ती मागून म्हणाली, “माइक भाड्याने आणलाय.” ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

घरी यायला मला तास लागला असेल. पायऱ्यांवरच बसले. आता ते सगळं आपोआप येत होतं, कोणी झाकण काढून ठेवल्यासारखं. मेची सकाळ, लाल मातीचा खड्डा, आत झुरळं, बाबांच्या कपाळावर घाम. मी लटकलेय. मोजतेय. आणि पायऱ्यांवरून एक माणूस उतरतो, अनवाणी. माझ्यापुढून तो जातो, मागून येतो, पुन्हा पुढून, कारण मी फिरतेय. त्याचे हात जोडलेले. मला वाटतं तो माझी गंमत बघायला आलाय आणि मी त्याला हसून दाखवते. तो काहीतरी बोलतो. बाबा थांबतात. चावी थांबते, मी अधांतरी. बाबा रस्त्याच्या खालच्या बाजूला बघतात, जिथे हॉलचा मांडव दिसतो, आणि मग म्हणतात, “फिरव बाळा, अजून थोडे फेरे.” एरवी ते फिरवायचे आणि मी लटकायची. त्या वेळी त्यांनी हात काढून घेतला. मी पाय जमिनीवर टेकले आणि जोर लावून मी फिरवली, मी, एकटीने, आणि सोळाला ती शीळ तुटली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात बाबा बदली कामगाराचे कायम झाले. श्यामसुंदरने शब्द टाकला म्हणे. गल्लीत पेढे वाटले. मीच वाटले, घरोघरी, आणि परत येताना उरलेले दोन खाल्ले.

माझे हात वापरले. हेच मला राहून राहून चावत होतं. स्वतःच्या हाताने केलं असतं तर मी कदाचित बापाला क्षमाही केली असती. पण त्यांना आपल्या हाताने होईना म्हणून त्यांनी माझे घेतले, आणि वर मला बाळा म्हणाले.

पाच वाजले होते. बाबा चहात बेकरीतलं बटर बुडवत होते. चावी दाराआड, नेहमीच्या जागी, भिंतीला टेकलेली. आई मेथी निवडत होती. मी उभीच राहिले. “बाबा, भाऊराव शिरसाट गेले त्या दिवशी पाइप फुटला होता?”

आईचा हात थांबला. “तुका कोणी सांगितल्यान ह्या?”

“आई, तूपण नळावर होतीस ना त्या दिवशी? हंडे आले तेव्हा?”

“सगळी होती,” आई म्हणाली. “मी एकटी काय करतलंय? पूजेचा पाणी होता.” आणि तिने एक चांगली जुडी देठांत टाकली.

“पाइप फुटललो,” बाबा बटराकडे बघत म्हणाले. बटर फुगून कपात पडलं. “कागद आसा तसो.”

“पाइप फुटला असता तर आपण चावी कशाला फिरवली असती?”

“तू लहान होतंस. तुका काय आठवतला.”

“मला आठवतंय. ते अनवाणी होते. हात जोडले होते. दहावा फेरा चालू होता तेव्हा आले.”

“धावो नाय,” बाबा म्हणाले. “नववो.”

बाहेर कोणीतरी रॉकेलची गाडी ढकलत नेत होतं. बाबांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की सहा वर्षं तेही मोजतायत, रोज पहाटे, प्रत्येक व्हॉल्व्हवर, नवव्याला अडखळून. माझ्यातलं काहीतरी हलू लागलं, त्यांच्याकडे सरकू लागलं, आणि मी ते सरकू दिलं नाही. “बदलीवर होतंय मी,” ते म्हणाले. “श्यामसुंदरसायबाचो निरोप इलो. मी नाय फिरवलंय तर दुसऱ्यान फिरवली असती. माका घर होता, तू होतंस. ता सगळा उकरून काय मिळतला? नोकरी जातली. श्यामसुंदर माका ठेवतलो?”

“चेडवा, बापाक घराभायर काढतलंस?” आई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “परीक्षा आसा तुझी. अभ्यासाक बस.”

मी दाराआडची चावी पुढे ओढली. अजूनही जड आहे, पण आता माझ्या छातीपर्यंतच येते. लोखंड थंड होतं. मी ती तिघांच्या मध्ये उभी धरली आणि बोलले, आणि या वेळी आवाज आला, तोच, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

“उद्या संध्याकाळी वरच्या गल्लीत सभा आहे. मी माइकवर बोलणार आहे. ही चावी घेऊन जाणार आहे. नऊ फेरे आम्ही न कळता फिरवले आणि पुढचे सात कळून, असं सांगणार आहे. आधी माझं नाव घेईन. मग तुमचं घेईन, बाबा. मग ज्याने निरोप पाठवला त्याचं. तुम्हाला यायचं असेल तर या, नाहीतर खालूनही ऐकू येईल.”